गांजा सोडतानाचा पहिला आठवडा

संपादक महोदय,

गांजाचं व्यसन लागत नाही, हा समज घातक आहे. रोज ओढणाऱ्याने तो थांबवला की एक ते तीन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मरणे सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात त्रास शिगेला पोहोचतो. झोप तर कित्येक आठवडे बिघडलेली राहते. अनेक जण इथेच पुन्हा चिलीम धरतात आणि घरचे म्हणतात, मनच खंबीर नाही! तंबाखू मिसळून ओढत असल्यास निकोटीनवरही उपचार हवेत. झोपेसाठी दारू मुळीच नको.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेता येतं. सरकारी मदतवाहिनी : १४४४६.

– व्यसनमुक्ती समुपदेशक, सातारा