'तलवार' ही नौका नव्हे

महोदय,

१९४६ च्या नाविकांच्या उठावावरील लेखात 'तलवार'ला युद्धनौका म्हटले आहे. ती मुंबईत कुलाब्यातली, संदेशवहन शिकवणारी नौदलाची सिग्नल शाळा होती. माझे आजोबा तिथेच मोर्स ही तारेची सांकेतिक लिपी शिकून रॉयल इंडियन नेव्हीत टेलिग्राफिस्ट झाले. पुढे गुहागरला जेवतानाही त्यांचे बोट ताटाच्या कडेवर कट्ट-कडकट्ट चालायचे. आजी म्हणायची, "आता आमटीला तार करताय का?"

त्यांची दुसऱ्या महायुद्धाची पदके तीन: १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार आणि वॉर मेडल. दोन्ही स्टार सहा टोकांचे. आजी दर दसऱ्याला देवांच्या भांड्यांबरोबर तेही चिंचेने घासायची, त्यामुळे मागचे नाव आता बोटालाच लागते, डोळ्यांना दिसत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार'मध्ये नाविकांनी जेवण नाकारले, त्यात आजोबाही होते. त्याविषयी विचारले की मात्र ते पान जुळवायला घ्यायचे.

– एक नातू, गुहागर