‘फवाराले कोन जाईन?’ असं विचारणाऱ्या दुकानदार भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुमच्या शेतीऔषधांच्या दुकानाचंही नाही. लिहिलं असतं तर ‘ताई, जाहिरात करू राहिल्या का?’ म्हणून तुम्हीच रागावला असता. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पावसाचा नाहीतर भावाचा विषय काढता. आता वेचणी आटोपली, कापूस जिनिंगवर गेला, हात जरा मोकळे झाले आहेत. म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

सासरे अंथरुणाला खिळले आणि शेत माझ्या अंगावर आलं. नवरा पुण्याला कंपनीत, तिकडचा पगार सोडून यावं अशी घरची स्थिती नाही. पेरणी, डवरणी, निंदण यात मला फारसं कोणाला विचारावं लागलं नाही, लहानपणापासून तेच पाहिलंय. अडलं ते औषधाच्या दुकानात. तालुक्याच्या एका दुकानात मला ‘मालकाला पाठवा’ असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ‘पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) कीड दिसते’ एवढं माझं वाक्य पुरं होईपर्यंत काउंटरवर दोन बाटल्या, एक टॉनिक आणि एक पुडी मांडून तयार. कोणतं औषध कशासाठी, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सगळं एकत्र करून मारा, रिझल्ट येते.’ कीड मावा आहे, तुडतुडे आहेत की बोंडअळी, याची चौकशीच नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा तर असा चेहरा झाला, जणू मी त्यांच्या घरातली भांडी मागितली.

‘एकत्र करून मारा’ हे शब्द यवतमाळ जिल्ह्यात कोणी इतक्या सहज कसे उच्चारू शकतं, हे मला अजून कळत नाही. 2017 चा पावसाळा विसरण्याइतका जुना झालेला नाही. 2002 मध्ये बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेला बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचं भय संपलं असं सगळे म्हणत होते. गुलाबी बोंडअळीनं पुढे ते बीटीही पचवलं आणि त्या वर्षी ती वावरंच्या वावरं खाऊन गेली. त्याच हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, औषधांची मिश्रणं जहाल, फवारा सरळ तोंडावर आणि अंगावर. आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. मरणाऱ्यांत मजूर होते, स्वतःच्या वावरात फवारणारे शेतकरीही होते. त्यानंतर भाषणं झाली, पोस्टर लागले. दुकानातलं वागणं मात्र बऱ्याच ठिकाणी होतं तसंच राहिलं.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती बाटलीचं नाव कागदावर लिहून. शेजारच्या वावरात मारली होती, म्हणून मलाही हवी होती. तुम्ही बाटली काढलीत, पण हातात दिली नाहीत. ‘हे काऊन नेता? बोंडं फोडून पाहिली का?’

दुसऱ्या दिवशी मी एकरभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडून आणली. तुम्ही काउंटरवर वर्तमानपत्र अंथरलंत आणि गिऱ्हाईक उभं असताना एकेक बोंड अंगठ्यानं दाबून फोडायला बसलात. गुलाबी अळी बारीक असतानाच आत शिरते आणि तिच्या मागे भोक बुजून जातं, त्यामुळे बोंड बाहेरून साजरं दिसतं, हे मला तेव्हा कळलं. विसांपैकी एक किडकं निघालं. ‘दोन निघाले असते तर दहा टक्के झाले असते. हे एकच आहे,’ असं म्हणून तुम्ही बाटली परत फळीवर ठेवलीत. एकरी दोन हिशेबानं कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे, दिलेत, निंबोळी अर्क घरी कसा काढायचा ते सांगितलंत. रोज सकाळी सापळ्यातले नर पतंग मोजायचे, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठाच्या वर सापडले तर यायचं, एरवी नाही. त्या दिवशी तुमच्या गल्ल्यात पडले ते सापळ्याचे आणि त्यातल्या वासाच्या गोळीचे, ल्युअरचे, पैसे. बाटलीवर किती सुटतं हे मला माहीत नाही, पण सापळ्यापेक्षा नक्कीच जास्त सुटत असणार.

तरी हे पत्र मी बाटली वाचवल्याबद्दल लिहीत नाहीये.

पुढे सापळे भरायला लागले आणि मी मोजणीची वही घेऊन आले. तुम्ही वही पाहिलीत, औषध काढलंत आणि बिल करता करता मान वर न करता विचारलंत, ‘फवाराले कोन जाईन?’

मी नुसतं बाहेर बोट दाखवलं. आमच्याकडे फवारणीला येणारे भाऊ दुकानाच्या पायरीखाली उभे होते. ते कोणत्याच दुकानात आत येत नाहीत. तुम्ही त्यांना आत बोलावलंत. ते चप्पल काढायला लागले तर ‘राहू दे रे’ म्हणालात आणि माझ्यासमोर असलेली खुर्ची त्यांच्याकडे सरकवलीत. बाटलीवरचा पिवळा त्रिकोण दाखवलात. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे त्यांना अक्षरं न वाचताही लक्षात राहील असं रंगावर बोट ठेवून सांगितलंत. आणि मग म्हणालात, ‘हात दाखव.’

त्यांनी उजवा हात पुढे केला. तुम्ही दुसरा मागितलात. त्या तळहाताला विळ्याची जखम होती, वरून मातीनं बंद झाल्यासारखी. तुम्ही तो हात धरून दाराच्या उजेडाकडे फिरवलात, जखम कडेनं दाबून पाहिलीत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, ‘ताई, आज नाही. हे भरू द्या, नाहीतर दुसरा मानूस पाहा.’

माझ्या घरी तो माणूस किती तरी वर्षांपासून येतो. त्याच्या हातावर जखम आहे हे तुम्ही पाच मिनिटांत पाहिलंत. मला त्याचं नवल वाटलं नाही, भाऊ, मला रडू यायला झालं. मी तेव्हा बिल वाचायचं सोंग केलं, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

निघताना हातमोजे, चष्मा आणि मास्क तुम्ही त्यांच्या हातात दिलेत. माझ्या नाही, त्यांच्या. घरी येऊन पाहिलं तर बिलात त्याची ओळच नव्हती.

आपल्याकडे सद्गुणांवर बोलणाऱ्यांची कमी नाही. सप्त्यात बोलतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलतात, पुढारी तर त्याशिवाय खालीच बसत नाहीत. याच वऱ्हाडात गाडगेबाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. क्रम उलटा करून नुसतं कीर्तन करणारे आता फार झालेत. तुम्ही तर कीर्तनही करत नाही. मी एकदा विचारलं होतं, असा धंदा परवडतो का? तर तुम्ही म्हणालात, ‘मेलेलं गिऱ्हाईक उधारी फेडत नाही, ताई.’ आणि लगेच पुढच्या माणसाला युरियाचं पोतं मोजून द्यायला उठलात.

पण परवडतो की नाही याचा हिशेब मी माझ्या बाजूनं मांडून पाहिला. यंदा फवारणीचा खर्च कमी झाला, कवडी (किडका, डागी) कापूस कमी निघाला, व्यापाऱ्याला कट्टी (कपात) लावायला जागा कमी मिळाली. आमच्या आळीतल्या बायका आता बोंडं पिशवीत घेऊन तुमच्याकडे येतात आणि खतही तुमच्याकडूनच नेतात, म्हणजे त्या फळीवर परत गेलेल्या बाटलीचे पैसे कुठून तरी वळून आलेच. हे झालं मोजता येणारं. न मोजता येणारं असं की आमच्या भाऊंनी ती गोष्ट पानटपरीवर सांगितली. आता गावातले फवारणीवाले हो म्हणायच्या आधी विचारतात, ‘हातमोजे आहेत का?’ काही शेतकऱ्यांना ते रुचलेलं नाही. ‘मजूर शेफारले’ असं माझ्या कानावर आलं आणि त्यात माझंही नाव आहे. असू द्या. विचारायला लागले आहेत ना, मग आता त्यांना गप्प करणं सोपं नाही.

चांगली माणसं तशी अधूनमधून भेटतात. एसटीत गर्दी असतानाही उतरणाऱ्याला हाक मारून सुटे परत देणारा कंडक्टर, सासऱ्यांना उचलताना ‘बाबाजी, उचलू का?’ असं आधी विचारणारी दवाखान्यातली मावशी. त्यांच्यातल्या कोणाला वाटत नसेल की आपण काही मोठं केलं. मला ‘मालकाला पाठवा’ म्हणणाऱ्या त्या दुकानदारालाही आपण काही वाईट केलं असं वाटलं नसणारच, उलट शिस्तीनं वागलो असंच वाटलं असेल. ते दुकान अजून जोरात चालतं, हेही खरं आहे.

तर भाऊ, मनापासून धन्यवाद. माझ्याकडून, सासऱ्यांकडून, आणि जे स्वतः लिहू शकत नाहीत पण हे मी वाचून दाखवल्यावर ‘खुर्चीचं लिहिलं का?’ असं दोनदा विचारणाऱ्या आमच्या भाऊंकडूनही.

एक कामाचं. यंदा फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक, ठेवत नाही. तुम्ही म्हणालात तसं, अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसायचं नाही, पऱ्हाट्या उपटायला मजूर सांगितले आहेत. उन्हाळी तिळाचं बियाणं आलं की निरोप द्या, विहिरीजवळच्या तुकड्यात टाकायचा विचार आहे. आणि हातमोज्यांचे पैसे त्याच बिलात जोडा.

तुमची,
बोंडांची पिशवी घेऊन येणारी ताई