रिपोर्टमधले दोन ‘सोळा’

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. बाबा, तुम्ही लाल पेनाने गोल केलेत ते दोन शब्द पाहिले: वर ‘एचपीव्ही 16 पॉझिटिव्ह’, खाली बायोप्सीत ‘पी16 पॉझिटिव्ह’. एकच गोष्ट दोनदा छापलेली नाही. पहिला सोळा हा एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या प्रकाराचा क्रमांक. दुसरा आईच्या स्वतःच्या पेशीतल्या एका प्रथिनाचा. त्याचं वजन सोळा किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं माप), म्हणून पी16. आकडा जुळला हा योगायोग. पण पहिल्यामुळे दुसरा वाढतो, आणि तो का वाढतो हे कळलं की उरलेला रिपोर्ट आपोआप उलगडतो.

या विषाणूच्या डीएनएचा सगळा मजकूर जेमतेम 7,900 अक्षरांचा. डीएनएची नक्कल करायचं एन्झाइम त्याच्याकडे नाहीच. ते पेशीचं वापरावं लागतं. गर्भाशयमुखाच्या अस्तरात तळाच्या पेशी विभागतात आणि वर सरकल्या की विभागणं थांबवतात. विषाणूला मात्र स्वतःच्या प्रती काढायच्या असतात त्या वरच्या थरात, म्हणजे दुकान बंद झाल्यावर. ते उघडं ठेवायला तो ई6 आणि ई7 ही दोन प्रथिनं वापरतो.

एरवी आरबी नावाचं प्रथिन ई2एफ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. ई7 आरबीला चिकटून ती पकड सोडवतं आणि आरबीलाही मोडीत काढायला लावतं. मोकळा झालेला ई2एफ सायक्लिन ई, सायक्लिन ए, डीएनए पॉलिमरेज असे विभाजनाला लागणारे जीन चालू करतो. असं भलत्या वेळी विभाजन सुरू झालं की पी53 हे पहारेकरी प्रथिन पेशीला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. तिथे ई6 येतं. ते पी53ला स्वतः मोडत नाही. पेशीच्याच ई6एपी या एन्झाइमकडून त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा शिक्का मारून घेतं. शिक्का बसलेलं प्रथिन पेशी स्वतःच मोडीत काढते.

म्हणजे बाबा, ‘जीन बिघडले का?’ या तुमच्या प्रश्नाला उत्तर असं: पी53 आणि आरबी यांचे जीन बहुधा शाबूत असतात, त्यांची प्रथिनं टिकू दिली जात नाहीत. सुरुवातीला विषाणूचं गोल डीएनए आपल्या गुणसूत्रांपासून वेगळं राहतं आणि त्याचंच ई2 प्रथिन ई6-ई7ला लगाम घालतं. कधीतरी ते वर्तुळ तुटून गुणसूत्रात शिरतं, आणि पुष्कळदा ई2च्या जागीच तुटतं. मग लगामच जातो. (यात विषाणूचाही तोटाच, तिथून त्याला नवे विषाणू बनवता येत नाहीत.) 1951 साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या, आजही प्रयोगशाळांत वाढणाऱ्या हेला पेशींत एचपीव्ही 18 असाच घुसलेला आहे. प्रयोगशाळेत त्या पेशींना ई2 परत दिलं तर ई6-ई7 बंद पडतात, पी53 आणि आरबी परत येतात आणि विभाजन थांबतं, तेही इतक्या वर्षांनी.

आता पी16. आरबीला जागेवरून हलवणाऱ्या एन्झाइमांना रोखणं हे त्याचं काम. आरबीच गेल्यावर पेशी पी16 भरमसाट बनवते, पण उपयोग शून्य. सायकलचा ब्रेक दाबताय आणि वायरच तुटलेली. काचपट्टीवर पी16 दाखवणारा तपकिरी रंग तळापासून सलग, केंद्रकात किंवा केंद्रकात आणि बाहेरही दिसला तरच पॉझिटिव्ह म्हणतात. ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर नाही. पाळी गेल्यावर अस्तर पातळ होतं आणि त्या साध्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली पूर्वकर्करोगासारख्या दिसू शकतात. म्हणून पॅथॉलॉजिस्टने हा जादा रंग करून पाहिला. मला विचाराल तर रिपोर्ट नीट केलाय.

खाली लिहिलंय ‘एचएसआयएल’. हा कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. या वयात, जिथे हे बदल होतात तो पट्टा गर्भाशयमुखाच्या नळीच्या आत सरकतो आणि दुर्बिणीतून पूर्ण दिसत नाही, म्हणूनच डॉक्टर शंकूच्या आकाराचा तुकडा काढायचं म्हणताहेत. आईची ॲस्पिरिनही रक्त पातळ करते, ती डॉक्टरांना सांगायची राहिलीय. ती सांगा, मनाने बंद करू नका. नंतर दोन-चार आठवडे पाणी जाणं, थोडा डाग लागणं चालतं. ताप आला, दुर्गंधी आली किंवा तासाभरात पॅड भिजलं तर लगेच दवाखाना. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ‘मार्जिन’ हा शब्द शोधा आणि मला पाठवा. कडेपर्यंत रोग असेल तर पुढची तपासणी जास्त काटेकोर. सगळं ठीक असलं तरी सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट करायचीच.

अँटिबायोटिकने हा विषाणू जात नाही. लशीनेही आतला निघत नाही, कारण लशीत फक्त विषाणूचं बाहेरचं कवच असतं, ई6-ई7 नसतात. चिऊ मात्र अकराची झाली. तिला दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅक चालेल, तीत 16 आणि 18 दोन्ही आहेत.

आई, ‘कधी, कुठून’ हे उकरत बसू नकोस. लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि विषाणू मध्ये दबून राहून म्हातारपणी परत दिसू शकतो. आजच्या रिपोर्टवरून तारीख काढता येत नाही. बाबा, हे तुमच्यासाठीही.

कॉल मंगळवारी रात्री करते. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून ठेवा, दुसरं मत घ्यायचं झालं तर त्या लागतील.

तुमची,
ताई