तुरीनहून अण्णांना पत्र

तुरीन,
नोव्हेंबरअखेर

तीर्थस्वरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी अर्धंच सांगितलं. अण्णा, तुमच्या गळ्यात माळ आहे, वाइनचा विषय असा घाईघाईत काढणं बरं वाटेना. पण तुमच्यापासून लपवून मी कधी काही केलं नाही, आणि शनिवारी रात्री तुमची इतकी आठवण आली की सगळं नीट लिहून कळवायचं ठरवलं. आईने वाचून दाखवावं. मध्ये थांबू नये.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, मूळच्या आल्बा या द्राक्षबागांच्या गावच्या. त्यांच्या वडिलांची द्राक्षबाग होती. तुम्ही निफाडला बाग करता हे कळल्यापासून त्या मला घरच्यासारखंच वागवतात. त्यांच्याकडे थंडी सुरू झाली की चार ओळखीची माणसं जमतात आणि बाटली न बघता वाइन ओळखायला बसतात. पट्टी बाटलीवर बांधायची, डोळे उघडे ठेवायचे. या वेळी मी म्हटलं, माझ्या घरी करू या. शनिवारी आम्ही सहा जण होतो. वर्गणी काढून खालच्या दुकानदाराकडे दिली. त्यानेच इटलीतल्या सहा लाल वाइन निवडल्या, त्यांची बुचं काढून साधी बुचं बसवली (मूळ बुचावर नाव छापलेलं असतं), वर्तमानपत्रात गुंडाळून एक ते सहा आकडे टाकले आणि उत्तरांचं पाकीट चिकटवून दिलं.

टेबलावर आईने दिलेली पांढरी चादर अंथरली, कारण वाइनचा रंग पांढऱ्यावरच कळतो. ग्लास तिरपा धरून कडेला रंग कसा उतरतो ते बघायचं, मग नाक आत घालून वास, मग छोटासा घोट तोंडभर फिरवायचा आणि हवा तर भांड्यात थुंकून टाकायचा. मी बहुतेक थुंकलेच, आई, काळजी करू नकोस. मधे मधे तोंड साफ करायला पाणी आणि ग्रिसिनी, म्हणजे पेन्सिलीएवढ्या बारीक, कुरकुरीत पावाच्या कांड्या. त्या या तुरीनच्याच.

पहिली बाटली सगळ्यांनी ओळखली. बार्बेरा. इकडच्या घराघरांत जेवणाबरोबर रोज असते ती हीच. रंग गडद, चव आंबट, तोंडाला कोरड नाही. दुसऱ्या बाटलीतही आंबटपणा होता, पण आपल्या आमसुलासारखा, मागून हलकी तुरट चव येणारा. ती निघाली कियांती क्लासिको, टस्कनीतली. सांजोवेझे नावाच्या द्राक्षाची, तेही निदान ८० टक्के असावंच लागतं. तिथल्या ग्रँड ड्यूकने १७१६ साली हुकूम काढून कियांतीची शीव कुठून कुठपर्यंत ते ठरवून दिलं होतं. शिवारावरून मालाचं नाव, आणि ते नाव दुसऱ्या गावाने लावायचं नाही, हे इथे इतकं जुनं आहे.

तुरट हा शब्द मी त्या रात्री सगळ्यांना शिकवला. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते, गालाच्या आत खरखरीत होतं, ते त्यांना हातवारे करून सांगितलं. साल आणि बी यांच्यातून ते वाइनमध्ये उतरतं. मग प्रत्येक ग्लासला “तुरात? तुरात?” सुरू झालं.

तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीला खरी कसोटी लागली. दोन्हींचा रंग फिका, ग्लासमागची बोटं दिसावीत इतका. कडेला विटकरी झाक. शिक्षिकाबाईंनी तिसरीचा वास घेतला आणि क्षणात कागदावर ‘बारोलो’ लिहिलं. बारोलो म्हणजे त्यांच्या आल्ब्याजवळच्या अकरा गावांची वाइन, नेब्योलो या एकाच द्राक्षाची. हे द्राक्ष ऑक्टोबरमध्ये, टेकड्यांवर धुकं उतरायला लागतं तेव्हा काढतात. नंतर वाइन निदान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडाच्या पिंपात. त्याआधी विकायला बंदी.

मग चौथी बाटली फिरली. दक्षिणेतल्या पुलियाकडचा एक मुलगा ती ओतत होता. कागदावरून त्याचं बोट मधेच थांबलं. आत काचेवर उठावाची अक्षरं होती. आल्ब्याच्या परिसरातले बरेच बागाईतदार आपल्या भागाचं नाव कोरलेली खास बाटली वापरतात, आणि दुकानदाराच्या ते लक्षातच राहिलं नव्हतं. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचं थबकणं बाईंनी पाहिलं. त्यांना कळलं की आपल्या गावची बाटली, म्हणजे बारोलो, ही चौथी आहे. टेबलावर एकदम शांतता झाली. खोडून दुरुस्त करणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लिहिलेलं तसंच राहू दिलं. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

तिसरी निघाली सिसिलीतली, एटना ज्वालामुखीच्या उतारावरची, नेरेल्लो मास्कालेझे या द्राक्षाची. ही दोन द्राक्षं भल्याभल्यांना चकवतात असं बाई नंतर म्हणाल्या. देशाच्या एका टोकाला आल्प्सच्या बाजूच्या टेकड्यांवरची मार्लची, म्हणजे चुनखडी मिसळलेली, पांढुरकी माती, दुसऱ्या टोकाला लाव्हाची काळी, आणि ग्लासात दोघी सख्ख्या बहिणी. पाचवी दक्षिणेतल्या बाझिलिकाताकडची आल्यानिको, तीही ज्वालामुखीच्याच मातीतली, पण विझलेल्या. कडक, काळपट, सगळ्यांत तुरट. ती मी पूर्ण चुकले.

आता सहावी. अण्णा, ग्लास नाकाशी नेला आणि मी तासगावला मामाच्या बेदाणा शेडमध्ये जाऊन पोहोचले. तोच जाळ्यांवर पसरलेल्या मालाचा गोड, थोडा उबट वास. दुपारच्या गरम वाऱ्यात आम्ही पोरं जाळ्यांखालून रांगत जायचो, तेव्हाचा. मी कोणाचं मत विचारलं नाही, सरळ ‘वाळवलेली द्राक्षं, व्हेरोना’ असं लिहून टाकलं. पाकीट उघडल्यावर त्यात होतं ‘आमारोने’. सहाही जणांत त्या बाटलीला बिनचूक मीच होते. बाईंनी माझे दोन्ही हात धरले.

ही वाइन कशी करतात ते मामाला जरूर सांगा. व्हेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लामध्ये जुन्या बागा आपल्यासारख्या मांडवावर आहेत. कोर्विना वगैरे द्राक्षांचे निवडक घड सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडून हवेशीर माळ्यावर पसरतात आणि तीन-चार महिने वाळू देतात. आपल्याकडे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो. तिथे काही बुडवत नाहीत. थंडीच सावकाश पाणी ओढून घेते. वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं, साखर दाटते, आणि मग ती सुकलेली द्राक्षं चुरून आंबवतात. मी हे लिहितेय तेव्हाही तिथले घड माळ्यावर वाळत असतील. एखादा घड मधेच सडला तर शेजारच्यांना लागू नये म्हणून काढत राहावं लागतं. मामी कशी रोज जाळीवर हात फिरवायची, तसंच.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. विहिरीजवळचं दीड एकर.

सरकारने २००१ मध्ये वाइनचं धोरण आणलं, त्यानंतर गावोगाव लागवड झाली, तेव्हा तुम्हीही कॅबरने लावलं होतं. आबा बोलले होते, माळकऱ्याच्या रानात दारूची द्राक्षं नकोत. तरी कर्ज होतं म्हणून तुम्ही लावलीत. मी शाळेतून येताना तोंडात टाकायचे. मणी हरभऱ्याएवढे, सगळी बी आणि साल, जीभ बधिर व्हायची. मग करार केलेल्या कंपनीने साखर कमी आहे म्हणून माल अडवला, पुढच्या वर्षी उचललाच नाही, आणि तुम्ही त्या वेली बुडख्यापासून काढल्यात. त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. आपल्या हातूनच काही चुकलं असं तुम्ही अजून मानता, हे मला ठाऊक आहे.

शनिवारी मी बाईंना विचारलं, तुमच्याकडे एकरी किती धरतात? बारोलोला कायद्याने हेक्टरी ८ टनांच्या वर धरता येत नाही. म्हणजे एकरी सव्वातीन टन! त्यापेक्षा जास्त घड दिसले तर जुलै-ऑगस्टमध्ये हिरवे असतानाच छाटून जमिनीवर टाकतात. बाईंच्या वडिलांना ते टाकताना जिवावर यायचं, पण टाकायचे. अण्णा, आपल्याला कंपनी टनावर पैसे देणार होती. खायच्या थॉमसन द्राक्षांसारखं भरघोस धरायला आपल्याला कोणी नको म्हटलं नाही. इतका भार घेतल्यावर वेलीने साखर आणायची कुठून? तुमची छाटणी चांगली होती, फवारण्या वेळेवर होत्या, बागेवर रोग नव्हता. शिकवायचं ते ज्यांनी शिकवायला हवं होतं त्यांनी शिकवलं नाही. हे मला तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, पण मे महिन्यापर्यंत थांबवेना.

ऑक्टोबर छाटणीचा प्लॉट कसा आहे? फुलोऱ्यात पाऊस लागला का? डाऊनी रोगाला बोर्डो मारलं असेल. इथेही मोरचूद-चुन्याचंच मिश्रण मारतात. बाईंच्या जुन्या घराच्या भिंतीवर अजून तो निळा डाग आहे. मी हात लावून पाहिला. निफाडला पारा उतरला की पहाटे शेकोट्या पेटवायला तुम्ही एकटे जाऊ नका, धाकट्याला उठवा.

सहाव्या बाटलीचं लेबल पाण्यात भिजवून सोडवलंय, सोबत पाठवतेय. मामाला दाखवा आणि शेड या मोसमात कधी भरणार ते विचारून कळवा. बाईंना ते ऐकायचंय.

आबांच्या फोटोला माझा नमस्कार.

तुमची,
ताई