वाटेकऱ्याच्या हिश्श्याविषयी

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकेतले सरकार शेतकऱ्यांना एवढा पैसा देते तो नेमका कोणाच्या हाती पडतो, असे तुम्ही मागे विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून लिहिते आहे.

आयोवा राज्यात 99 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि आमच्या काउंटीत मका व सोयाबीन हीच मुख्य पिके. शेतीखात्याच्या स्थानिक कार्यालयाच्या कामात शेतकऱ्यांनीच टपाली मतदानाने निवडलेल्या समितीचा सहभाग असतो. सोयाबीनसाठी अनेक जण जी योजना घेतात, तिच्यात एकट्यादुकट्या शेताचे नुकसान पाहत नाहीत. मागील पाच वर्षांतले सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट आकडे वगळून काउंटीचे सरासरी उत्पादन व भाव काढतात, त्यावरून एकरी अपेक्षित उत्पन्न ठरवतात, आणि प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या 90 टक्क्यांखाली (2025च्या नव्या कायद्यापूर्वी 86) गेले तरच ठरावीक मर्यादेत फरक देतात, तोही पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर. आपल्या पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी धरतात, तसेच हे. शेजारच्या शिवारांत पीक चांगले आले, म्हणून ज्याचे रान बुडाले त्याला काहीच मिळाले नाही, हे दुखणे इकडेही आहे.

मला खरे तर याच्या पुढचे सांगायचे आहे. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन मालक स्वतः कसत नाहीत. जमीन रोख खंडाने दिली असेल, तर ही मदत कसणाऱ्याला मिळते, मालकाला नाही; वाट्याने दिली असेल, तर पिकाच्या वाट्याप्रमाणे दोघांत विभागली जाते. मदत वाढली की मालक खंड वाढवतात आणि त्यातला काही पैसा त्यांच्याकडे वळतो, हेही खरे. तरीही ज्याची जोखीम त्याचा हक्क, एवढे सरकारने मान्य केलेले आहे.

आपल्याकडे पीएम किसानचे 6,000 आणि नमो शेतकरीचे 6,000 रुपये सातबारावर ज्याचे नाव, त्यालाच मिळतात. औशाचे रान आपले वाटेकरी कसतात. बी-खताचा निम्मा खर्च त्यांचा, काढणीच्या वेळी पावसात सोयाबीन भिजले तर निम्मे नुकसान त्यांचे, आणि वर्षाचे 12,000 मात्र बाबांच्या खात्यावर. तुम्ही नियमानेच वागला आहात, पण मला हे न्याय्य वाटत नाही.

करार लिहून दिला तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क लागेल, ही बाबांची भीती मी जाणते. हैदराबाद संस्थानाच्या वारशाने मराठवाड्याला 1950चा स्वतंत्र कूळ कायदा लागू झाला आणि त्याची धास्ती आपल्या गावात अजून गेलेली नाही. परंतु नोंदणीकृत करार नसल्यामुळे वाटेकऱ्यांना स्वतःच्या नावाने पीकविमा काढता येत नाही, हेही तितकेच गंभीर आहे. तेव्हा औशातल्या वकिलांचा सल्ला घेऊन, तुमची मालकी अबाधित राहील असा एका हंगामापुरता करार करता येतो का, हे पेरणीपूर्वी पाहावे. वकिलांची फी मी पाठवीन.

करार होईल तेव्हा होईल. तोवर दोन्ही योजनांचा प्रत्येक हप्ता जमा झाला की त्यातला निम्मा वाटेकऱ्यांना द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आईच्या औषधांचा खर्च दरमहा मी पाठवीत जाईन, त्यामुळे त्या पैशांवाचून तुमचे काही अडणार नाही.

तुमची,
लेक