विकतचे श्रोते घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या लालबाग-परळमध्ये गणपतीची प्रॅक्टिस सुरू झाली आहे. रात्री नऊनंतर कुठल्या ना कुठल्या इमारतीखाली बेंजो वाजत असतो. मी २२ वर्षं बेंजो वाजवतो, दिवसा छपाईच्या दुकानात कामाला असतो. परवा आमच्या बेंजो पार्टीतल्या ऑक्टोपॅडवाल्या पोरानं मला मोबाइलवर आलेला मेसेज दाखवला. पाच हजारांत ५०,००० स्ट्रीम, म्हणजे गाणं ॲपवर तेवढ्या वेळा ऐकलं गेल्याचा आकडा, तेही गॅरंटीनं. त्यानं नुकतंच स्वतःचं गाणं केलंय आणि तो पैसे भरायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. त्याच्यासारखी पोरं या शहरात गल्लोगल्ली आहेत, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली आहे. हळदीच्या नाहीतर मिरवणुकीच्या ऑर्डरीत आम्ही वाजवतो ती सगळी दुसऱ्यांची गाणी. ती परवानगीशिवाय रेकॉर्ड करून आपल्या नावावर टाकता येत नाहीत. म्हणून मी दोन चाली बांधल्या, एक कोळी ठेक्यावर आणि एक संबळावर. पहिली वितरक कंपनीमार्फत, म्हणजे गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत, स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक अशा गाणी ऐकायच्या सगळ्या ॲपवर चढवली. तीन महिन्यांत ती ४१२ वेळा ऐकली गेली. स्पॉटिफायचा २०२४ पासून नियम आहे, मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या ट्रॅकची रॉयल्टी नाही. आणि ३० सेकंद तरी वाजलं तरच ते ऐकलं म्हणून धरतात. मला तो हजाराचा आकडा दिसत होता. ओळखीतून एक जण भेटला, त्याला साडेचार हजार दिले.

चार दिवसांत आकडा १८,००० वर गेला. मी घरी पेढे आणले. मग आकड्यांचं पान नीट उघडून बघितलं, तर ऐकणारे जवळजवळ सगळे परदेशातल्या दोनच शहरांतले. एवढ्या हजारांत एकानंही चाल आपल्या यादीत ठेवली नव्हती, कुणी फॉलो केलं नव्हतं. महिन्याभरात वितरकाचा मेल आला की हे ऐकणं बनावट आहे, आणि ट्रॅक सगळीकडून उतरवला गेला. यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पैसा एका सामायिक गल्ल्यातून ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक खोटं ऐकणं दुसऱ्या कलावंताच्या ताटातलं काढून घेतं. असे प्रकार फार झाले तर स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं आणि काही वितरक तो कलावंताकडून वसूल करतात.

पैशाचं दुःख ओसरलं. पण ते ४१२ खरे होते. माझी थोरली बहीण देवरुखला असते, रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती माझी चाल लावायची. एक दिवस तिचा फोन आला, ‘‘अरे, तुझं नाव राखाडी झालंय, दाबलं तरी वाजत नाही.’’ तिला काय सांगू, ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या चालीच्या वेळी आधी स्वतःच्या चुका शोधल्या. पहिल्या खेपेला मी रोमन लिपीत वाद्याचं नाव नुसतं ‘बॅन्जो’ लिहिलं होतं. त्या नावाचं अमेरिकी वाद्य वेगळं, गोल कातडी तोंडाचं. आपला बेंजो बुलबुल तरंगाच्या घराण्यातला, त्याचं मूळ १९१२ मधल्या जपानी ताइशोगोतोत. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं असतात. मशिनला हा फरक कुठून कळणार? माझ्या पानाखाली ‘हेही ऐका’ म्हणून सगळे अमेरिकी वादक येत होते. कोळी ठेका ऐकायला आलेला माणूस तिथं पोचणारच नव्हता. आता चालीच्या नावातच ‘मुंबई बेंजो’ लिहिलं. चाल चार आठवडे आधी चढवली, कारण स्पॉटिफायवर गाण्यांच्या याद्या करणाऱ्या संपादकांकडे अर्ज किमान सात दिवस आधी करावा लागतो. त्यांनी माझी चाल निवडली नाही. पण वेळेत अर्ज केला की निदान आपल्या फॉलोअरच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत ती जाते. रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीखेरीज चाल बांधणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं. हे आमच्या पार्ट्यांमध्ये कुणालाच ठाऊक नसतं.

खरे श्रोते मिळाले ते रस्त्यावर. अनंत चतुर्दशीला आम्ही स्पीकरच्या गाडीवर क्यूआर कोड चिकटवला होता, पण त्या गर्दीत कुणाच्याच फोनला नेटवर्क मिळेना. प्रॅक्टिसच्या रात्रींचं मात्र निराळं. तिथं माणसं कट्ट्यावर निवांत बसून ऐकतात. एका आजोबांनी नातवाला हाक मारून चाल आपल्या फोनवर लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, ‘‘मधला तुकडा लवकर संपवतोस.’’ तो तुकडा मी आता मिरवणुकीत दोनदा घेतो. अशा माणसांच्या जोरावर आठ महिन्यांत चाल हजारावर गेली, आणि ऐकणारे मुंबई, ठाणे, पुण्याचे आहेत. हाती आलेली रक्कम बेंजोच्या तारांच्या एका संचाचीही नाही, तरी ती माझ्या चालीची आहे.

वाचकांना एक विनंती. एखाद्या वादकाची चाल आवडली तर तिची फाइल व्हॉट्सॲपवर पुढे पाठवू नका, लिंक पाठवा. फाइल फिरली की चाल पोचते, पण तिचं ऐकणं वादकाच्या नावावर जमा होत नाही.

आणि आपल्याला एक विनंती. गणेशोत्सवाच्या पानांवर आपण नव्या गाण्यांची ओळख छापता. यंदा ‘इतक्या लाखांनी ऐकलं’ हा आकडा गाळावा, आणि त्या जागेत चाल कुणी बांधली आणि बेंजो, ढोल, ऑक्टोपॅड कुणी वाजवला, त्यांची नावं छापावीत.

आपला,
एक बेंजोवादक, करी रोड, मुंबई