जिल्ह्याला एकच इशारा, पण हवामान अनेक तऱ्हांचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फाल्गुन लागला की आपल्या अंकात रोज एक चौकट येते : ‘नाशिक जिल्ह्यात विजांसह पावसाची शक्यता, यलो अलर्ट’. तापमान एका शहराचे, इशारा पूर्ण जिल्ह्याला. हा जिल्हा पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्याने सुरू होतो, उत्तरेला 1567 मीटर उंचीच्या साल्हेरपर्यंत चढतो आणि पूर्वेला येवला-नांदगावच्या कोरड्या सपाटीवर संपतो. पावसाळ्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, येवल्याला पाचशेच्या आसपास. सुरगाण्यातला स्ट्रॉबेरीवाला, दिंडोरीतला द्राक्षवाला आणि येवल्यातला कांदेवाला यांनी त्या एका ओळीवर काय ठरवायचे? फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तर एका तालुक्यातही सकाळ-संध्याकाळ वेगळी असते.

नुकसान फक्त पावसाने होते, ही समजूत आधी सोडायला हवी. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात निफाडच्या खोलगट भागात दुपारी 34 अंश आणि पहाटे 13 अंश असा दिवस नवलाचा नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला, त्यामुळे रात्री जमिनीची उष्णता निघून जाते आणि जड गार हवा गोदावरी-कादवेच्या काठाने साचून राहते. दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्के असेल, तर बाष्पाचा एक थेंबही न वाढता 13 अंशांवर तीच आर्द्रता 70 टक्क्यांच्या पुढे जाते. त्यात बाग ओलिताची, ओल्या मातीतून बाष्प सुटणारे, म्हणजे पहाटे घडांभोवती दमटपणा आलाच. ‘कोरडे हवामान’ असे छापून आलेल्या दिवशी भुरी, म्हणजे पाना-घडांवरची पांढरी बुरशी, वाढते ती अशी.

द्राक्षात मण्यात पाणी उतरल्यावर साल ताणलेली असते. याच टप्प्यावर एक पेच पडतो आणि आपल्या चौकटीतून तो अजिबात सुटत नाही. निरभ्र, थंड रात्र येणार असेल तर पहाटे ड्रिपने थोडे पाणी द्यावे. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा गरम असते, ओली माती उष्णता धरते, मुळे थंडावत नाहीत. ढगाळ, दमट रात्र येणार असेल तर नेमके उलटे : पाणी तोडावे. पानांतून बाष्प जाणे थांबलेले असते, मुळे मात्र पाणी ओढत राहतात, ते मण्यात जाते आणि मणी तडकतात. मोटर तीच, बाग तीच, निर्णय उलटा. तो ठरतो रात्रीच्या ढगांवर आणि आर्द्रतेवर, आणि हे दोन्ही आपण छापत नाही. दिवसभर पाणी तोडून संध्याकाळी एकदम भरपूर देणे तर दोन्ही प्रकारच्या हवेत वाईट. वेलीच्या बुडाशी पाचटाचे आच्छादन असेल तर हा चढउतार बराच मऊ होतो.

थंडीसाठी शेकोट्या करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक मोठा जाळ करण्यापेक्षा बांधाबांधाने लहान शेकोट्या कराव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा बागेवरच्या उबदार थराला भेदून निघून जाते आणि बागेत बाजूची गार हवा ओढली जाते. वारा असेल तर शेकोटीचा उपयोग जवळजवळ शून्य. नुसत्या धुराने ऊब येत नाही, डोळे तेवढे चुरचुरतात.

आता ढग. हिवाळा सरताना पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली, उत्तर भारतावरून जातात, त्यांची शेपटी कधी कधी दक्षिणेला महाराष्ट्रापर्यंत येते आणि वरच्या थरात थंड, कोरडी हवा पसरते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचे आणि अरबी समुद्रावरून पश्चिमेचे दमट वारे खालून येतात. विदर्भापासून दक्षिणेकडे वाऱ्यांच्या खंडिततेचा पट्टा, म्हणजे वाऱ्याची दिशा एकदम बदलते ती रेषा, तयार झाला की दोन्ही वारे त्यावर भिडतात. जमीन तापलेली, वर थंडी, त्यामुळे दुपारी दोननंतर ढग उभे वाढतात. पावसाळ्यात हवा सगळ्या थरांत दमट असते आणि वरच्या दिशेने जाणारा प्रवाह एवढा जोरकस नसतो, शिवाय गोठणाची पातळी (जिथे तापमान शून्य अंशावर येते ती उंची) जास्त वर असते, म्हणून तेव्हा गारा जमिनीपर्यंत क्वचितच टिकतात. मार्चमध्ये गार न वितळता खाली येते. 2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत हेच चक्र दिवसेंदिवस हलले नाही आणि मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र गारांखाली सापडला.

गारांचा पट्टा बहुधा अरुंद, थोड्याच किलोमीटरचा असतो. रस्त्याच्या अलीकडची बाग झोडपलेली आणि पलीकडची साबूत, असे होते ते यामुळे. पाच दिवस आधी दिलेल्या जिल्ह्याच्या इशाऱ्याने हा पट्टा सांगता येणार नाही, कोणत्याही वेधशाळेला ते जमणार नाही. उपयोगी पडतो तो हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज. मार्चमधले ढग बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. त्र्यंबकच्या डोंगरावर तीन वाजता काळा मनोरा उभा राहिला तर निफाडला हाताशी तास-दीड तास असतो. एप्रिल-मेच्या वळवाला हा हिशेब लागू नाही, तो पूर्वेकडूनही येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर शेत सोडून पक्क्या घरात जावे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली आणि चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली थांबू नये.

उन्हाळ कांद्याचे नुकसान बहुतेक वेळा घाईने होते. पावसाची बातमी आली की काढणी जोरात सुरू होते आणि पाती लगेच कापली जाते. हिरव्या मानेच्या कापात पाणी शिरले की सड आतून सुरू होते, ती चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, दोन महिन्यांनी दिसते. ऑरेंज अलर्ट दोन दिवसांवर असेल तर नवी काढणी थांबवावी. माना पडलेला (पात आडवी झालेला) कांदा जमिनीत असताना एखादी सर सोसतो, फक्त नंतर वाफसा येईपर्यंत, म्हणजे मातीतले जादा पाणी ओसरेपर्यंत, त्याला हात लावू नये. काढलेला कांदा पातीसकट उंचवट्यावर लांबट ढिगात लावावा आणि प्लॅस्टिकचा कागद दोन्ही टोके उघडी ठेवून टाकावा. चारी बाजूंनी दाबून झाकलेला कांदा घाम धरतो आणि पावसाविनाच सडतो. ऊन पडले की तासाभरात कागद काढावा. एरवी नेहमीचाच क्रम : निम्म्याहून अधिक माना पडल्यावर काढणी, शेतात तीन ते पाच दिवस पातीने कांदा झाकून सुकवणे, तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून कापणे, मग सावलीत दहा-बारा दिवस, आणि त्यानंतर चाळ.

तासगाव-सोलापूरकडे बेदाण्याचे शेड याच दिवसांत भरलेले असतात. तिथे पाऊस आत आला नाही तरी दमट हवेने सुकणे लांबते आणि बेदाणा काळवंडतो. शेडचे पडदे पावसाच्या बाजूनेच पाडावेत, दुसरी बाजू वाऱ्याला मोकळी हवी.

गारपिटीनंतर पंचनाम्याचे भांडण असते. महावेध या राज्याच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत आहेत, पण ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात, गारा नव्हे. गार पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यावरून उसळून बाहेर पडते किंवा आत अडकून सावकाश वितळते. त्यामुळे मंडळाच्या नोंदीत जेमतेम काही मिलिमीटर पाऊस आणि बागेत काडी सोललेली, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. गार वितळण्याआधी नाण्याशेजारी ठेवून, तारीख-वेळ-ठिकाण उमटेल असा फोटो काढावा. मदतीसाठी 33 टक्के नुकसानीची अट आहे, म्हणून पूर्ण ओळीचे फोटो घ्यावेत, एका घडाचे नव्हे. फुटलेले मणी आणि घड त्याच दिवशी कापून बागेबाहेर न्यावेत. रस गळत राहिला तर चांगले घडही आंबतात.

आमची मागणी एवढीच आहे. 15 फेब्रुवारी ते 15 मे या काळात चौकटीतला जिल्ह्याचा रंग एका ओळीत आटोपावा आणि उरलेल्या जागेत इगतपुरी, दिंडोरी, निफाड, कळवण व येवला या पाच ठिकाणांसाठी चार रकाने द्यावेत : काल पहाटेचे किमान तापमान, पहाटेची आर्द्रता, आज रात्री आकाश कसे राहील, आणि वारा कोणत्या दिशेचा. सोबत इशारा किती वाजता काढलेला आहे तेही छापावे. रात्री छपाईला गेलेला अंदाज सकाळी वाचला जातो, तोवर हवामान खात्याने तो कधीकधी बदललेला असतो. तीन तासांचा अंदाज छापील अंकात बसणार नाही, तो आपल्या संकेतस्थळावर दुपारी दोन ते रात्री आठपर्यंत सर्वांत वर ठेवता येईल. जागा लागणार असेल तर राशिभविष्याची चौकट थोडी आखडली तरी आमची हरकत नाही.

आपले,
निफाड व चांदवड तालुक्यांतील काही द्राक्ष-कांदा उत्पादक